मासोळी आंध्राची, तलाव आमचे

पोस्ट लांब झाली आहे. दोन भागांत टाकली तर दुसरा भाग कुणी वाचत नाही, म्हणून एकदमच टाकतोय. वेळ काढून वाचा. मासे खात नसाल तरीही वाचा, कारण विषय रोजगाराचा आहे.

मराठीत मासे म्हटलं की डोळ्यांसमोर कोकण येतं. पापलेट, सुरमई, बोंबील, कोळीवाडा, होड्या. आमच्या भंडारा-गोंदियाकडचा माणूस मुंबईत गेला आणि म्हणाला की आम्हीही मासे खातो, तर समोरचा विचारतो, "तुमच्याकडे कुठे समुद्र आहे?" आता देशाचा आकडा बघा. २०२३-२४ मध्ये देशात १८४ लाख टन मासळी निघाली. त्यातली समुद्रातली फक्त ४५ लाख टनांच्या आसपास. उरलेली १३९ लाख टन समुद्राबाहेरची. म्हणजे चार किलोंमागे तीन किलो. यात किनाऱ्याजवळच्या खाऱ्या तळ्यांतली कोळंबीही मोजतात आणि ती बरीचशी परदेशी जाते हे खरं. पण रोहू, कटला, मृगळ, पंगस हे जवळपास सगळं इथेच, देशातच खपतं.

हे पहिल्यापासून असं नव्हतं. १९५०-५१ साली देशाची एकूण मासळी साडेसात लाख टन होती. त्यात समुद्राची ५.३४ लाख आणि नदी-तलावांची २.१८ लाख. साध्या हिशेबात सत्तर टक्क्यांहून जास्त समुद्र. २००० सालाच्या सुमारास दोन्ही बाजू बरोबरीत आल्या, अठ्ठावीस-अठ्ठावीस लाख टनांवर. त्यानंतर समुद्र सावकाश वाढला आणि गोडं पाणी पाचपट झालं. आता या वाढीत साडेसहा हजार जुन्या तलावांचा आमचा पूर्व विदर्भ कुठे आहे? बाजारात जाऊन रोहू कुठून आला ते विचारा. "आंध्रा." मासळी विकायला बसलेली बाई ढिवर समाजाची, तिच्या घरातले पुरुष पिढ्यान् पिढ्या वैनगंगेत आणि तलावांत जाळं टाकणारे, आणि तिच्या पुढ्यातला मासा सातशे किलोमीटरवरून बर्फात आलेला. हे कसं झालं, त्याचा इतिहास मांडतो आहे.

आधी एक गोष्ट. रोहू, कटला आणि मृगळ हे तिघेही मूळचे आपले नाहीत. ते गंगेच्या खोऱ्यातले. वैनगंगा गोदावरीच्या खोऱ्यात येते. इथल्या पाण्यात मरळ, शिंगूर, पोष्टी, झिंगे असं खूप काही होतं, पण बंगाली माणूस ज्याच्यावर जीव टाकतो तो रोहू नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेव्हाच्या मद्रास इलाख्याने कटला दक्षिणेच्या पाण्यात आणून सोडायला सुरुवात केली. पुढे हे मासे देशभर पसरले ते माणसांनी नेले म्हणून.

नेले कसे? हा भाग मला सगळ्यात भारी वाटतो. हे मासे साठवलेल्या पाण्यात वाढतात, पण अंडी घालत नाहीत. त्यांना पुराची वाहती नदी लागते. त्यामुळे पावसाळ्यात बंगालचे लोक नदीच्या काठावर बारीक जाळी लावून जिरे गोळा करायचे. जिरे म्हणजे नुकतंच अंड्यातून निघालेलं पिल्लू, दिसतंही जिऱ्यासारखंच. ते मातीच्या माठांत भरायचं, माठ रेल्वेत चढवायचे आणि प्रवासभर एक माणूस हाताने माठातलं पाणी हलवत बसायचा, हवा मिसळावी म्हणून. पाणी हलवायचं थांबलं की जिरे मेलं. पोहोचलं तरी त्यात रोहू किती आणि नदीतली दुसरी काय काय पोरं किती, याचा भरवसा नाही. काही वेळा त्यात शिकारी माशाचं पिल्लू यायचं आणि तलावातलं बाकीचं सगळं खाऊन मोठं व्हायचं.

म्हणजे पन्नास साली गोड्या पाण्यातल्या माशाला मागणी नव्हती असं नाही. बंगाल, ओडिशा, आसाम, बिहारात ती होतीच. १९४३च्या बंगालच्या दुष्काळानंतर सरकारलाही अन्न म्हणून मासा दिसू लागला होता. १९४७च्या मार्चमध्ये, स्वातंत्र्याच्या पाच महिने आधी, कलकत्त्यात गोड्या पाण्यातल्या मासेमारीचं केंद्रीय संशोधन केंद्र सुरू झालं. १९४९ला त्याची तलाव-संवर्धनाची शाखा कटकला निघाली. अडलं होतं ते बियाण्यापाशी. शेतकऱ्याला बियाणं मिळणार की नाही हे जर नदीच्या पुरावर ठरत असेल, तर शेती कशी करणार?

ते कोडं सुटलं १० जुलै १९५७ला, ओडिशातल्या अंगूल इथे. डॉ. हिरालाल चौधुरी आणि त्यांचे वरिष्ठ के. एच. अलिकुन्ही यांनी तलावातल्या कार्प माशाला अंडी घालायला लावली. युक्ती अशी की पक्व माशाच्या मेंदूखाली एक छोटी ग्रंथी असते, मोहरीच्या दाण्याएवढी. ती काढायची, तिचा अर्क करायचा आणि तो मादीला व नराला टोचायचा. मग पुराची गरज राहत नाही. माशाच्या शरीराला वाटतं, वेळ झाली. ही पद्धत ब्राझीलमध्ये तीसच्या दशकात वापरली गेली होती, पण आपल्या कार्पवर ती चालवून दाखवली चौधुरींनी. १० जुलै हा दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. हरितक्रांतीची नावं शाळेतल्या पोरालाही माहीत असतात, दुधाच्या क्रांतीचीही. हिरालाल चौधुरी २०१४ साली गेले तेव्हा मराठी पेपरात मला तरी बातमी दिसली नाही. आमचाच धंदा, त्यामुळे जास्त बोलत नाही.

नंतरचं सगळं या एका दिवसाच्या पोटातून निघालं. कॉमन कार्प, गवत्या, चंदेरी असे परदेशी कार्प आणले गेले. आमच्याकडचा मच्छीमार कॉमन कार्पला "सिप्रनस" म्हणतो, ते त्याच्या शास्त्रीय नावाचं मराठी रूप. १९७१ला देशात एक मोठा प्रयोग सुरू झाला: तीन देशी आणि तीन परदेशी मासे एकाच तलावात. कटला वरच्या थरातलं खातो, रोहू मधलं, मृगळ तळातलं. कुणी कुणाच्या ताटात हात घालत नाही. या प्रयोगाचं एक केंद्र पुण्यालाही होतं. १९७३-७४ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत मत्स्यशेतकरी विकास यंत्रणा निघाल्या. १९७९-८० च्या सुमारास जागतिक बँकेच्या पैशातून मत्स्यबीज केंद्रं आणि तलाव सुधारण्याचा मोठा प्रकल्प आला. तो पाच राज्यांत होता: पश्चिम बंगाल, बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश. महाराष्ट्र त्यात नव्हता. राज्याचा मत्स्यव्यवसाय म्हणजे सातशे वीस किलोमीटरचा किनारा, हा विचार मुंबईत बसून करायला सोपा जातो. अजूनही महाराष्ट्राचं गोड्या पाण्यातलं उत्पादन सव्वा लाख टनांच्या आगेमागे असतं आणि समुद्रातलं त्याच्या तिप्पट. देशाचं चित्र बरोबर उलटं आहे.

आंध्रही त्या पाच राज्यांत नव्हता बरं का. मग तो पुढे कसा गेला?

कृष्णा आणि गोदावरीच्या मुखांच्या मध्ये कोल्लेरू नावाचं उथळ, मोठं सरोवर आहे. देशातल्या सगळ्यात मोठ्या गोड्या पाण्याच्या सरोवरांपैकी एक. त्याच्या काठची भातशेती पुरात वारंवार बुडायची. सत्तरच्या दशकात तिथे सरकारने मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना तळी खोदून द्यायला सुरुवात केली. १९७७च्या नोव्हेंबरातल्या भयंकर चक्रीवादळाने शेती उद्ध्वस्त केली. त्यानंतर भाताच्या बांध्या फोडून मासोळीची तळी करण्याची लाट आली. ऐंशीच्या दशकात कैकलूर, आकिवीडू, भीमावरम हा पट्टा तळ्यांनी भरला. त्यांनी सहा मासे वगैरे काही ठेवले नाहीत. बाजार कशाला पैसे देतो ते बघितलं: कलकत्ता आणि आसामला रोहू हवा, थोडा कटला हवा. बस, रोहू आणि कटला. खाद्य कोणतं? तेल काढलेला तांदळाचा कोंडा, पोत्याला भोकं पाडून बांबूला बांधायचा, मासा येऊन चोखून खातो. कोंडा! गोंदियाला राइस मिल किती आहेत ते मोजायला बसलात तर संध्याकाळ होईल.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली, ती इकडे फार थोड्यांना कळली आहे. बाजाराला एक-दीड किलोचा मासा हवा असतो. लहान माशात काटे जास्त, मांस कमी, आणि हॉटेलवाल्याला तुकडे नीट पडत नाहीत. बोटभर लांबीचं पिल्लू, ज्याला आपण बोटुकली म्हणतो, ते सोडलं तर एका हंगामात तो मासा त्या वजनाला जात नाही. म्हणून आंध्रवाले पिल्लं वर्षभर छोट्या तळ्यात दाटीवाटीने, अर्धपोटी ठेवतात. ती वाढत नाहीत, रोखलेली राहतात. मग मोठ्या तळ्यात मोकळी जागा आणि पोटभर कोंडा मिळाला की ती झपाट्याने वाढतात. शंभर-दीडशे ग्रॅमचं रोखलेलं पिल्लू काही महिन्यांत किलोच्या वर जातं. ऐकायला क्रूर वाटेल, पण सगळा धंदा या युक्तीवर उभा आहे.

उरला ट्रक. प्लास्टिकच्या क्रेट, खाली बर्फ, मध्ये मासा, वर बर्फ. कलकत्त्याला, गुवाहाटीला, आणि उलट्या दिशेने नागपूरला. मागणी आणि पुरवठा यांच्या मधली ही बर्फाची कडी, तिच्यामुळे देशाचा मासा एक झाला. त्याआधी गोड्या पाण्यातला मासा जिथे निघायचा तिथल्या आठवडी बाजारात संपायचा. जास्त निघाला तर सुकवायचा. नव्वदच्या दशकानंतर माशाचे दर ठिकठिकाणी आंध्रची गाडी आली की नाही यावर ठरू लागले. तोटेही आले. २०१८च्या जुलैत आसामने आंध्रच्या माशावर दहा दिवस बंदी घातली, कारण तपासणीत फॉर्मेलिन सापडलं. मढं टिकवायचं रसायन. इतक्या लांबून ताजं आणायचं म्हटलं की कुणीतरी शॉर्टकट मारणारच.

आणि कोल्लेरूचं काय झालं? तळ्यांनी सरोवर गिळलं. १९९९ला ते अभयारण्य जाहीर झालं, २००२ला रामसर यादीत गेलं, २००६ला सरकारने मोहीम काढून अभयारण्याच्या हद्दीतले तळ्यांचे बांध फोडले. तिथले मूळ मच्छीमारही काही फार श्रीमंत झाले नाहीत. सहकारी संस्थांची तळी पैसेवाल्यांनी भाड्याने घेतली आणि मच्छीमार त्याच तळ्यावर मजूर झाला. हे मुद्दाम सांगतो, कारण "आंध्र पॅटर्न आणा" म्हणणाऱ्यांचा आवाज आपल्याकडे मोठा आहे. आणा, पण पूर्ण पॅटर्न वाचून आणा.

आता आपल्याकडे येऊ.

पूर्व विदर्भात, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरच्या काही भागात, साडेसहा हजारांहून जास्त मामा तलाव आहेत. मामा म्हणजे माजी मालगुजारी, बाहेरच्यांना नातेवाईक वाटतो. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने हे तलाव बांधले. जो तलाव बांधेल त्याला जमीन, अशी व्यवस्था. नवेगावबांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं मानतात. जमिनीचा उतार बघून पाळ टाकायची, वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावात, अशी साखळी. पाणी भातासाठी. पण पाण्यात मासा, कमळकंद, शिंगाडा असतो, आणि तो ढिवरांचा. बांधणारा कोहळी, जगवणारा ढिवर, असं साधारण वाटप होतं. त्या व्यवस्थेत सगळं न्यायाचं होतं असं मी म्हणणार नाही, मालगुजार तो मालगुजारच. पण तलावाकडे बघणारा कुणीतरी होता.

१९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारचे झाले. गावाचा निस्तार हक्क होता, म्हणजे पाणी फुकट. सरकारने पाणीकर मागितला, लोकांनी दिला नाही, सरकारने दुरुस्ती केली नाही. ही भांडणं दशकानुदशकं चालली. पाळी खचल्या, गाळ भरला, बेशरमच्या झुडपांनी कडा गिळल्या. ज्या वर्षांत कोल्लेरूला खोदकाम चालू होतं, त्याच वर्षांत आमचे तलाव उथळ होत होते. उथळ तलाव उन्हाळ्याआधीच कोरडा पडतो. पाणी आठ-नऊ महिने. त्यात जुलै-ऑगस्टला बोटुकली सोडली तर फेब्रुवारी-मार्चला हातात येतो अर्ध्या-पाऊण किलोचा मासा. बाजाराला हवा एक-दीड किलोचा. झालं. आमचा मासा ताजा असून "बारीक" म्हणून दर खातो आणि आंध्रचा चार दिवसांचा मासा मोठा म्हणून पटकन उठतो.

त्यात तलावाचा मालक एक नाही. पाणी पाटबंधारे किंवा जिल्हा परिषदेचं, मासा ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थेचा, आणि सांडव्याची चावी शेवटी भात पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात. शेतकऱ्याला पाणी हवं असेल तेव्हा तलाव रिकामा होणार, मासा वाढला असो वा नसो. त्यालाही दोष देता येत नाही, धान वाळत असतं. कोल्लेरूच्या तळ्यात पाणी माशासाठीच असतं. हा फरक कोणत्याही योजनेच्या पुस्तिकेत लिहिलेला नसतो. त्यात ठेका संपला की पुढचा आपल्यालाच मिळेल याची खात्री नाही. अशा संस्थेला तलावात खाद्य घाला, गाळ काढा म्हणणं म्हणजे भाड्याच्या घराला स्लॅब टाका म्हणण्यासारखं आहे.

बीज कुठून येतं तेही बघा. सरकारी मत्स्यबीज केंद्रं जिल्ह्यात आहेत, पण संस्थांना लागतं तेवढं आणि लागतं तेव्हा मिळत नाही. मग गाड्या येतात छत्तीसगडहून आणि थेट बंगालच्या नैहाटीहून, ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिक पिशव्यांत. माठ गेले, पिशव्या आल्या, दिशा तीच. अंगूलच्या प्रयोगाला सहा दशकं उलटून गेली आणि आमच्या तलावाचं बियाणं अजून बंगालमधून येतंय.

स्थानिक माशांचा विषय स्वतंत्र पोस्टचा आहे, पण दोन ओळी लिहितोच. अनुदान रोहू-कटलाच्या बीजाला मिळतं, म्हणून तलावात तेच पडतं. मरळ, शिंगूर, पोष्टी यांना कागदावर किंमत नाही. बाजारात मात्र जिवंत मरळ रोहूच्या दुप्पट दराने जाते आणि सकाळी नऊच्या आत संपते. गावात बाळंतिणीला, आजारी माणसाला मरळच देतात. ही मागणी आमच्या डोळ्यासमोर आहे आणि तिच्यासाठी योजना जवळजवळ नाही.

पुढे काय? मागणी वाढणार यात वाद नाही. भारतीय कृषी संशोधन परिषद आणि वर्ल्डफिश यांच्या २०२४ मधल्या अभ्यासानुसार, २००५-०६ मध्ये देशात माणशी वर्षाला ४.९ किलो मासा खाल्ला जायचा, २०१९-२० मध्ये ८.८९ किलो. मासे खाणाऱ्यांचं प्रमाण ६६ टक्क्यांवरून ७२ टक्क्यांवर गेलं. त्रिपुरात ९९ टक्के लोक मासे खातात, हरियाणात २० टक्क्यांच्या आसपास. मासे न खाणारा देश ही आपली प्रतिमा कुठून आली देव जाणे.

ही मागणी कशी बदलते आहे ते मात्र नीट बघायला हवं. आमच्याकडे आठवडी बाजारातलं गिऱ्हाईक दोनशेच्या आगेमागे किलो देऊन अख्खा रोहू घेतं, तो कापून देणं हा बाईचा पाच मिनिटांचा वेगळा रोजगार. शहरातलं नवीन गिऱ्हाईक काट्याला घाबरतं. त्याला बिनकाट्याचा तुकडा हवा. तिथे पंगस आला. हा मासा नव्वदच्या दशकात थायलंडहून बांगलादेशमार्गे बंगालमध्ये शिरला, आंध्रने तो उचलला, आणि हॉटेलात "बासा" नावाने येणारं पांढरं मांस त्याच घराण्यातलं. रूपचंद नावाचा दक्षिण अमेरिकेतला मासा आपल्याकडे गोड्या पाण्यातलं पापलेट म्हणून खपतो. दिसायला चपटा, बाकी पापलेटशी त्याचं काही नातं नाही. उजनीच्या पाण्यात चिलापी, म्हणजे तिलापिया, इतका माजला की तिथले जुने मासे जाळ्यात दिसेनासे झाले. पण भिगवणच्या बाजाराचा आणि पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या हॉटेलांचा धंदा आज त्याच्यावरही चालतो. चांगलं की वाईट, एका शब्दात सांगता येत नाही. बेकायदा मांगूर मात्र सरळ वाईटच. त्या आफ्रिकन माशाच्या पालनावर २००० पासून बंदी आहे, २०१९ला हरित लवादाने साठे नष्ट करायला सांगितलं, तरी तो मिळतो.

हंगामाचंही गणित आहे. १ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांत मुंबई-पुण्याचं गिऱ्हाईक गोड्या पाण्याकडे वळतं, आखाडात तर विचारू नका. मग श्रावण लागला की दर एकदम बसतात. आमच्या तलावांत मात्र जून-जुलैला काहीच नसतं, तेव्हा तर बीज पडतं. सगळ्यात चांगल्या दराचे दिवस आम्ही हातावर हात ठेवून काढतो. ज्याच्याकडे बारमाही पाणी त्याची मजा.

बारमाही पाणी आमच्याकडेही आहे, नाही असं नाही. पवनीजवळ गोसीखुर्द धरण आहे, १९८८ला पायाभरणी झालेलं. त्याच्या पाण्यात गावं गेली, आणि वैनगंगेचे डोह, रेतीची बेटं, जिथे ढिवर पिढ्यान् पिढ्या मासे धरायचे आणि कलिंगड लावायचे, तीही गेली. वाहत्या नदीचं जाळं धरणाच्या खोल पाण्यात चालत नाही, त्याला वेगळी होडी आणि वेगळं जाळं लागतं. त्याच पाण्यात नाग नदीतून नागपूरचं सांडपाणी येतं, जलपर्णीचे थर तरंगतात. मोठ्या जलाशयात पिंजरे लावून मत्स्यपालन करा ही योजना कागदावर चांगली आहे, पण पिंजऱ्याला लाखांत भांडवल लागतं आणि स्वच्छ पाणी लागतं. दोन्ही ढिवराच्या हातात नाही.

केंद्राची मत्स्यसंपदा योजना २०२० मध्ये आली, २०,०५० कोटींची. उद्दिष्ट होतं २०२४-२५ पर्यंत २२० लाख टन. आदल्या वर्षी देश १८४ लाखांवर होता. लक्ष्य हुकलं तरी वाढ खरी आहे, ती नाकारायची गरज नाही. पण वाढ जाते कुठे? ज्याच्या नावावर सात-बारा आहे तो शेतात तळं खोदतो, अनुदान घेतो, बँक त्याला उभं करते. भूमिहीन ढिवराच्या नावावर काय आहे? संस्थेतला एक शेअर आणि ठेक्याचा कागद. २२ एप्रिल २०२५ला राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. कर्ज, विमा, वीजदर शेतीप्रमाणे मिळणार म्हणून पेढे वाटले गेले. निर्णय चांगलाच आहे. फक्त सरकारी तलावात ठेक्याने मासा वाढवणारी संस्था यात शेतकरी धरली जाणार का, आणि बँकेचा मॅनेजर तिला तसं मानणार का, हे तालुक्याच्या टेबलावर ठरेल.

मोठ्या मागण्या करून काही होत नाही हे इतक्या वर्षांच्या बातमीदारीत कळलंय, म्हणून एक छोटी सांगतो. आमचे हंगामी तलाव बारमाही होणार नाहीत. पण आठ महिन्यांच्या पाण्यातही किलोचा मासा निघू शकतो, जर जुलैत बोटुकलीऐवजी वर्षभर रोखलेलं पिल्लू सोडलं तर. त्यासाठी प्रत्येक तलावाला नको, पाच-दहा गावांत मिळून एक छोटं, उन्हाळ्यात न आटणारं तळं हवं, जिथे पिल्लं ठेवता येतील. गावोगावी बोड्या आहेत, शेततळी आहेत. काही संस्थांनी हे करूनही पाहिलं आहे. अडचण अशी की अनुदानाचा कागद बीज मोजतो ते नगांवर. हजार बोटुकल्या आणि हजार रोखलेली पिल्लं कागदावर सारखीच, खर्च मात्र कितीतरी पट. त्यामुळे संस्था स्वस्तातलं बीज घेते, नग पूर्ण करते, फोटो काढते.

जिल्हा नियोजनाची बैठक पावसाळ्याआधी असते. आमदार-खासदारांचे कार्यकर्ते या ग्रुपवर आहेत, मला माहीत आहे. बीजाचं अनुदान नगावर द्यायचं की वजनावर, एवढा एकच मुद्दा त्या बैठकीत कुणी मांडला तरी चालेल. बीज टाकायचे दिवस जुलैपासून सुरू होतात.